एकोणिसावा स्टुलावर

भोसरीत शालनबाई कदमांच्या खानावळीत नवीन माणूस जेवायला आला की त्याला आधी जागांची भाषा शिकावी लागते. "के भरलाय, एलवर बघ," असं कुणीतरी ताटातून मान वर न करता सांगतं. नवीन माणूस भिंतीवर पाटी शोधतो. पाटी नसते. मग शेजारचा हाताने दाखवतो. चुलीजवळचं दोघांचं टेबल म्हणजे के, त्याच्या पुढचं आठ जणांचं एल, भिंतीकडेचं लांबलचक कडप्प्याचं एम, आणि दाराशी ठेवलेली दोन प्लास्टिकची स्टुलं म्हणजे एन. एमआयडीसीत जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक असतातच, त्यामुळे ही अक्षरंही तशीच कुठून तरी पडली असावीत, असं बहुतेकांना वाटतं. ती रसायनशास्त्रावरून पडली आहेत, आणि ती पडण्याचं कारण म्हणजे शालनबाईंची राहिलेली दहावी.

खानावळ मुळात गोठा होता. गोठ्याचे मालक आबाजी भोसरीतल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. जमिनी कारखान्यांत गेल्या, बैल विकले गेले, गोठ्यावर मजला चढवून आबाजींनी कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या. खालचा गोठा परभणीकडून आलेल्या शालनबाईंना खानावळीसाठी देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"बैल गेलं, पर गव्हाण ऱ्हाऊ द्या. माज्या बापाच्या हातची हाय."

बैलांना वैरण टाकायची ती लांब गव्हाण भिंतीला धरून बांधलेली होती. ती काढायची नाही म्हटल्यावर शालनबाईंनी ती भरून घेतली, वर फरशी बसवली आणि तिचंच बसणं केलं. तिच्यापुढे कडप्प्याचं टेबल, टेबलाच्या अलीकडे बाक. गव्हाणीवर दहा माणसं बसतात, बाकावर आठ. अडचण एवढीच की टेबलाचं एक टोक भिंतीला टेकलं आहे आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी आहे. गव्हाणीवर जायचं तर टेबलाखालून वाकून जावं लागतं, नाहीतर बाकावरच्या कुणाला तरी ताट हातात घेऊन उभं करावं लागतं.

त्यामुळे गव्हाणीवर कुणी आपण होऊन बसत नसे. "आमी काय बैल हाय का मावशी?" हा विनोद खानावळीइतकाच जुना आहे. यावर शालनबाईंचा उपाय म्हणजे आवाज. "आत सरा! आत सरा!" हा पुकारा गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. आतली जागा रिकामी असताना बाहेर कुणी बसायचं नाही, हा नियम. दाराजवळची स्टुलं डबा न्यायला आलेल्यांसाठी होती, जेवणाऱ्यांसाठी नव्हती. वाढताना बाई एका टोकाने सुरू करत आणि ओळीने वाढत जात. मधे भोकं पडलेली ओळ त्यांना खपत नसे.

त्यांच्या लेकीचं, मोनिकाचं लग्न तळेगावच्या शेखरशी ठरत होतं, तेव्हाची गोष्ट. मोनिका चाकणला गाड्यांचे भाग तपासण्याचं काम करते. मुलाकडचे येऊन गेले होते, आता यांनी घर बघायला जायचं होतं. शालनबाई, त्यांचे पती उद्धवराव आणि मोनिका लोकलने तळेगावला गेले. शेखरची आई सुमनताई तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतात. घर नीटनेटकं, बोलणं मोजकं. चहा घेताना सुमनताईंनी सहज विचारलं, "तुमचं शिक्षण कुठवर झालं, शालनताई?"

शालनबाईंचं शिक्षण आठवीपर्यंत झालं होतं. नववीची शाळा शेजारच्या गावात होती आणि शेजारच्या गावात मुलींना धाडत नसत. विषय तिथे संपला होता. त्या हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मोनिका म्हणाली, "आईची दहावी झालीय."

उद्धवरावांनी कपात बघितलं. सुमनताईंनी पोह्यांची बशी पुढे केली. लग्न ठरलं.

परतीच्या लोकलमध्ये देहूरोडला तिघांना बसायला जागा मिळाली. मग शालनबाई म्हणाल्या, "खोटं कामून बोललीस?"

"खोटं नाही बोलले. आगाऊ बोलले," मोनिका म्हणाली. "तू आता होऊन टाक."

"होऊन टाक म्हणती! दहावी काय बाळंतपण हाय का?"

"बाळंतपणापेक्षा सोपी आहे," उद्धवराव म्हणाले. ते चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात आणि एरवी घरात फारसं बोलत नाहीत. दोघींनीही त्यांच्याकडे असं पाहिलं की कासारवाडी येईपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत.

शेखरला कंपनीने वर्षभरासाठी चेन्नईच्या कारखान्यात पाठवलं होतं, त्यामुळे लग्न पुढच्या वर्षी, मार्गशीर्षात धरलं. हातात वेळ होता. शालनबाईंनी ठरवलं, मांडवात सुमनताईंच्या शेजारी उभं राहायचं ते दहावी पास होऊन. नाही झालो तर आदल्या दिवशी सगळं सांगून टाकायचं, मग लग्न मोडलं तर मोडलं. हे शेवटचं वाक्य ऐकून मोनिकाने दुसऱ्याच दिवशी शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला.

शिकवायला मास्तरीण वरच्याच मजल्यावर होती. उत्कर्षा अकोल्याची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याची. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली आणि भोसरीतच एका प्लेटिंगच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला. दोन वेळचं जेवण खानावळीत. सकाळची शिफ्ट करून आली की दुपारची भांडी आवरेपर्यंत ती थांबे, मग दोघी एमच्या कडप्प्यावर पुस्तकं मांडत. तेव्हा त्याला एम म्हणत नसत.

गणित शालनबाईंना जड गेलं नाही. चाळीस माणसांच्या पिठाचा अंदाज रोज घेणाऱ्या बाईला शेकडेवारी काय भिववणार? इतिहास त्यांना गोष्टीसारखा आवडला. भूगोलात त्या नद्यांशी भांडल्या, पण तोही झाला. विज्ञान मात्र अडून बसलं, आणि त्यातही अणू.

"जे दिसत न्हाई ते पाठ कामून करायचं?"

"मावशी, करंट दिसतो का? बिल येतं ना?"

"बिल दिसतंय की."

उत्कर्षाने पुस्तक मिटलं आणि खडू घेतला. चुलीकडे बोट करून म्हणाली, "हे केंद्रक. इलेक्ट्रॉनला चुलीजवळ बसायचं असतं."

"ते कुणालाबी आवडतं. भाकरी गरम मिळती."

"बरोबर. म्हणून चुलीजवळची जागा आधी भरते. हे पहिलं कवच, के. किती बसतात?"

"दोन."

"दुसरं, एल?"

"आठ."

"तिसरं, एम?"

शालनबाईंनी बाक आणि गव्हाण नजरेने मोजली. "अठरा." आणि त्या उडाल्याच. पुस्तकातही दोन, आठ, अठराच लिहिलं होतं. आपली खानावळ पुस्तकात कुणी छापली, असा त्यांचा चेहरा झाला. उत्कर्षाने टेबलांवर खडूने अक्षरं काढली ती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जेवणाऱ्यांनी विचारलं, शालनबाईंनी अभिमानाने सांगितलं, आणि अक्षरं पुसली गेली तरी नावं राहिली.

पुढचे काही आठवडे मजेत गेले. सोडिअमचे अकरा इलेक्ट्रॉन म्हणजे के भरलेला, एल भरलेला आणि एमवर एकटा माणूस. "त्याला जेवण गोड लागत नसंल," शालनबाई म्हणाल्या. उत्कर्षाने सांगितलं, बरोबर, तो निघून जायला तयारच असतो. सगळ्यात बाहेरच्या कवचात बसणाऱ्यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात, अणूचे सगळे व्यवहार तेच करतात. आणि क्लोरीनच्या एमवर सात जण आहेत, त्यांना आठवा हवा आहे.

"मग ह्यातला एक तिकडं धाडायचा."

"धाडला की काय होतं?"

"काय होतं?"

उत्कर्षाने मिठाची बरणी टेबलावर ठेवली. सोडिअम अधिक क्लोरीन. शालनबाईंनी बरणी उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली. त्या दिवशी संध्याकाळच्या आमटीत मीठ जरा जास्त पडलं. कुणी तक्रार केली नाही.

मग पोटॅशिअम आला. इलेक्ट्रॉन एकोणीस. उत्कर्षाने लिहिलं: दोन, आठ, आठ, एक.

"चुकलं," शालनबाई म्हणाल्या.

"नाही, मावशी. असंच असतं."

"एमवर अठरा बसतात असं तूच म्हणलीस. आठ बसले. दहा जागा रिकाम्या हायेत. आन् एकोणिसावा बाहेर जाऊन बसतो? माझ्या खानावळीत?"

"त्या दहा जागांना जास्त ऊर्जा लागते. त्यापेक्षा चौथ्या कवचातली पहिली जागा कमी ऊर्जेची असते. पण याचं सविस्तर कारण अकरावीला येतं. तुम्ही नुसतं पाठ करा."

शालनबाईंनी पाठ केलं. पण जो पुकारा बारा महिने तोंडात असतो तो हातातही उतरतो. मार्चच्या पेपरात पोटॅशिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण आलं, आणि परीक्षा संपवून त्या चिंचवडच्या केंद्राबाहेर आल्या तेव्हा उत्कर्षा फाटकाशी उभी होती. शालनबाई लांबूनच हात करत आल्या.

"पोटॅशिअम आलता. त्याला आत सरकवला!"

उत्कर्षाने कपाळाला हात लावला. दोन, आठ, नऊ. एकदा नऊ झाल्यावर पुढचे प्रश्नही गेले. संयुजा इलेक्ट्रॉन नऊ आले, आवर्त, म्हणजे सारणीतली आडवी ओळ, चौथ्याऐवजी तिसरं आलं, आणि सोडिअमच्या खालचं घर त्याला मिळालंच नाही. भोसरीतल्या एका गोठ्यातल्या शिस्तीने पोटॅशिअमला आवर्तसारणीतून बेघर केलं होतं.

मे महिन्यात निकाल लागला. सगळे विषय निघाले, विज्ञान थोडक्यात राहिलं. जेवणाऱ्यांना शालनबाई रडतील अशी भीती होती. त्यांनी शिरा केला.

"मावशी, नापासाचा शिरा?" खंडूने विचारलं. खंडू करमाळ्याकडचा, चाकणला दुसऱ्या शिफ्टला जाणारा फोर्कलिफ्ट ड्रायव्हर. खानावळीतला सगळ्यात बोलका आणि सगळ्यात घाईतला माणूस.

"नापास कोण? येवढे इषय निघाले त्याचा शिरा हाय."

खंडूने चमच्याने शिरा उकरून बघितला. "पण काजू कुठंयत?"

"काजू जुलैत," शालनबाई म्हणाल्या. जुलैत पुरवणी परीक्षा होती.

जूनमध्ये त्यांचा घसा बसला. साधी सर्दी, पण आवाज पार गेला. ओठ हलत, आवाज निघत नसे. मोनिकाने त्या दिवशी सुट्टी काढून वाढायचं काम घेतलं आणि आईला चुलीजवळ खुर्ची टाकून दिली. शालनबाई विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुपारच्या गर्दीत त्यांना बसायला आणि बघायला मिळालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खानावळीत "आत सरा" ऐकू आलं नाही.

माणसं आली तशी बसत गेली. चुलीजवळ दोघं. मग एल भरला. मग एमचा बाक भरू लागला, आठही जागा गेल्या. गव्हाण पूर्ण रिकामी. शालनबाईंचं तोंड सवयीने उघडलं, त्यातून वारा आला.

तेवढ्यात खंडू आत शिरला. त्याने गव्हाणीकडे बघितलं. टेबलाखालून वाकायचं, किंवा आठ जणांपैकी कुणाला तरी ताट घेऊन उठवायचं. त्याने बाईंकडे बघितलं. पुकारा नाही. त्याने दाराजवळचं स्टूल पायाने ओढलं आणि बसला.

शालनबाई पुस्तक टाकून उठल्या. एकदा बाक मोजला, एकदा खंडूकडे बघितलं, आणि तरातरा त्याच्या अंगावर गेल्या. खंडूला वाटलं, आता काही खरं नाही.

"जातो मावशी, आत जातो. चिडू नका."

तो उठायला लागला तर शालनबाईंनी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला परत खाली दाबलं. मग कमरेला खोचलेला खडू काढून त्याच्या पायापुढे फरशीवर मोठा आकडा लिहिला: १९.

"हे काय? दंड आहे का?"

मोनिका भाजीचं पातेलं घेऊन थबकली होती. शालनबाईंनी तिला हाताने थांब म्हटलं आणि दाराकडे बोट केलं. पुढचा माणूस आला. त्यानेही गव्हाण बघितली आणि दुसरं स्टूल घेतलं. त्याच्यापुढे आकडा पडला, २०. त्याच्यामागून आलेल्याला स्टूल उरलं नव्हतं. त्याने उसासा टाकला, कमरेत वाकला, टेबलाखालून सरपटत जाऊन गव्हाणीवर निघाला. शालनबाईंनी टाळ्या वाजवल्या. तो बिचारा गुडघे झाडत म्हणाला, "काय झालं? माझ्यासाठी टाळ्या?"

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. खंडूने उरलेली भाकरी भाजीसकट गुंडाळली आणि तोंडात कोंबत पळाला. बाकीचे निवांत जेवत होते. शालनबाई रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या. सगळ्यात बाहेर बसलेला, सगळ्यात आधी उठलेला.

उत्कर्षा आली तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून फरशीवरचे आकडे दाखवले आणि वहीत लिहिलं: "ऊर्जा म्हणजे खटाटोप."

उत्कर्षा हसत सुटली. मग तिने बजावलं, "मावशी, इलेक्ट्रॉन माणूस नसतो. त्याला बाकही नसतो आणि भूकही. हे लक्षात ठेवायला चांगलं आहे, पण पेपरात गव्हाण लिहायची नाही."

शालनबाईंनी मान हलवली. आवाज परत आला तरी स्टुलावर बसणाऱ्याला त्यांनी आत हाकललं नाही. खंडूला मात्र त्याचा फार अभिमान वाटला. नवीन कुणी भेटलं की तो स्वतःची ओळख "एकोणिसावा" अशी करून देऊ लागला.

आणि इथेच घोळ झाला.

जूनच्या शेवटी सुमनताई पिंपरीला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला आल्या होत्या. ते लवकर आटोपलं. होणाऱ्या सुनेचं घर जवळच आहे, शालू कुठल्या रंगाचा घ्यायचा तेही विचारून घेऊ, म्हणून शेअर रिक्षा करून त्या भोसरीला आल्या. फोन केला नाही. ऐन जेवणाच्या वेळी दारात उभ्या राहिल्या. शालनबाई चुलीशी पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. मोनिका कामावर होती. दाराशी खंडू होता.

"या ताई. के भरलाय, एल बी भरलाय," खंडू म्हणाला. "एमवर गव्हाणीवर जागा हाय, पण तुमाला वाकून जावं लागंल. तुमी माझं स्टूल घ्या. मी एकोणिसावा, तसाबी उठणारच."

सुमनताई पायरीवरच थांबल्या. "तुम्ही कितवे?"

"एकोणिसावा. पोटॅशिअम."

सुमनताईंनी के बघितलं. एल बघितलं. एमचा बाक आणि त्यामागची रिकामी गव्हाण बघितली. अनेक वर्षं फळ्यावर वर्तुळं काढलेल्या बाईला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते खंडूला कळलं नाही. तेवढ्यात शालनबाई भाकऱ्यांची दुरडी घेऊन वळल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"शालनताई," सुमनताई म्हणाल्या, "ही नावं कुणी दिली?"

शालनबाईंनी दुरडी टाकीवर ठेवली, हात पदराला पुसले.

"ताई, माझी दहावी झालेली न्हाई. आठवी झालीय. मोनिका आगाऊ बोलली आन् मी गप बसले, म्हणजे मीबी बोलल्यासारखंच हाय. मार्चात बसले होते. एक इषय राहिला. जुलैत परत हाय. पास झाले तर पास होऊन, न्हाई तर तसंच, लग्नाच्या आधी तुमाला सांगणार होते."

सुमनताई पायरी चढून आत आल्या. मग विचारलं, "कुठला विषय राहिला?"

"विज्ञान."

"कशात गेलं?"

शालनबाईंनी खंडूकडे बोट केलं. "ह्याच्यात."

एलवर कुणाला तरी ठसका लागला. खंडू म्हणाला, "ताई, मी काही केलेलं न्हाई. मी दोन घास खाऊन बस पकडतो."

हसू आधी सुमनताईंनाच आलं. त्यांनी ते दाबलं, पर्स काखेत नीट केली आणि वर्गात विचारावं तशा आवाजात विचारलं, "बरं. हा एकोणिसावा. मग विसावा कुठे बसेल?"

"ह्याच्या शेजारी. दुसऱ्या स्टुलावर."

"आणि एकविसावा?"

शालनबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी अख्खी खानावळ ओरडली, "गव्हाणीवर!"

"एकविसावा दहावीला विचारत नाहीत," सुमनताई म्हणाल्या.

"आमच्याकडं रोज येतो की," शालनबाई म्हणाल्या.

बसचा हॉर्न वाजला. खंडू ताट तसंच ठेवून पळाला. त्याच्या पाठीकडे बघत सुमनताई म्हणाल्या, "गेला संयुजा इलेक्ट्रॉन," आणि त्याच्या स्टुलावर बसल्या. शालनबाईंनी ताट वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. सुमनताई सावकाश जेवल्या. हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "मला खोटं आवडत नाही. तुम्हालाही आवडत नाही, ते आज दिसलं. जुलैत पास व्हा, म्हणजे मोनिकाचं बोलणं खोटं राहणार नाही. आणि तिला सांगा, आगाऊच बोलायचं होतं तर बारावी सांगायची."

"बारावी? अगं बाई!" शालनबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तळेगावहून फोन येऊ लागला. फोनवर विज्ञानाचा रोज एक नवा प्रश्न. शालनबाई पोळी लाटता लाटता फोन स्पीकरवर ठेवत, आणि उत्तर त्यांच्या आधी एलवरून येई. शेवटी त्यांना खानावळीत नियम करावा लागला की फोन चालू असताना तोंडात घास पाहिजे.

पुरवणी परीक्षेत पोटॅशिअम आला नाही. कॅल्शिअम आला. शालनबाईंनी विसाव्या माणसाला दुसऱ्या स्टुलावर बसवलं, दोन, आठ, आठ, दोन लिहिलं, संयुजा इलेक्ट्रॉन दोन लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी उत्कर्षाला सांगितलं, "गव्हाणीला हात लावला न्हाई."

निकाल लागला त्या दुपारी संकेतस्थळ उघडता उघडेना. मोनिका कंपनीतून, उत्कर्षा लॅबमधून आणि सुमनताई शाळेतून एकाच वेळी प्रयत्न करत होत्या. आधी सुमनताईंचं उघडलं. शालनबाईंच्या फोनवर पहिला फोन तळेगावचा आला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मोनिकाला नाही, उद्धवरावांना नाही, तर गल्लीतल्या वाण्याला हाक मारली.

"काजू दे. चांगले मोठे."

शिऱ्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत गेला तेव्हा आबाजी काठी टेकत खाली आले. त्यांना बातमी सांगण्यात आली. त्यांनी गव्हाणीवरून हात फिरवला, एमचा कडप्पा बोटांनी वाजवला आणि म्हणाले, "मी म्हणलो व्हतो का न्हाई, गव्हाण ऱ्हाऊ द्या? काढली असती तर कशी पास झाली असतीस?"

"व्हय आबाजी," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांच्या वाटीत दोन काजू जास्त टाकले.

लग्न मार्गशीर्षात मोशीच्या एका कार्यालयात झालं. जेवण बुफे होतं, पण वडीलधाऱ्यांसाठी एका बाजूला पंगत मांडली होती आणि तिथे वाढायला शालनबाई स्वतः होत्या. लेकीचं लग्न असलं तरी दुसऱ्याने वाढलेलं त्यांना बघवत नव्हतं. खंडू नवीन शर्ट घालून आला होता. सगळी पंगत मोकळी असताना तो दाराजवळच्या टोकाच्या पानावर बसला.

"आज बस न्हाई रे तुझी. आत सर," शालनबाई म्हणाल्या.

"नको मावशी. इथं खटाटोप कमी हाय."

सुमनताई नातेवाइकांच्या एका बाईला घेऊन त्यांच्याकडे आल्या. ही शेखरची आत्या, जुन्नरची. गळ्यात मोठा हार, नजर तपासणीची. सुमनताईंनी ओळख करून दिली, "या आमच्या विहीणबाई. भोसरीत खानावळ आहे. दहावी पास."

आत्याबाईंनी शालनबाईंना वरून खालपर्यंत बघितलं. "आमच्या वेळी दहावी नव्हती, अकरावी होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणत्या साली झालात?"

"यंदा," शालनबाई म्हणाल्या, आणि आत्याबाईंना पानावर बसवून त्यांना जिलबी वाढली.